तळघरातला कंदील

विजयश्री : मामा, आधी कडी काढा. मग काय बोलायचं ते बोलू.

ग्यानबा : दार उघडलं की ऊब जाती पोरी. सकाळधरनं शेगडी पेटवून बसलोय, आत्ता कुठं तळघराच्या भिंती वाळायल्यात.

विजयश्री : शेगडी? आत? कोळशाची? अन् झरोका?

ग्यानबा : पोतं कोंबलो त्यात. बाहेर धुकं बघितलीस न्हवं? समदं आत शिरतंय. घरचं सोयाबीनचं बी हाय हे. संतपूर सोडून तुमच्याकडं बीदरला येताना घर दिलो, बैलं दिलो, एवढंच आणलो.

विजयश्री : ओल वढायला मिठाची घमेली ठेवलेली की आपण.

ग्यानबा : त्या मिठाचं पाणी झालं. हा लाल दगड झिरपतोय नुसता. काल दाणा चावून बघितलो. वाळलेला दाणा कट्ट करून फुटतो. ह्यो दाताखाली दबला. असं बी उगवंल का?

विजयश्री : आत्याबाई, लवकर या! मामा आतून कडी लावून शेगडीपाशी बसलेत!

सत्यभामाबाई : बसू दे. तुझ्या सासऱ्याला बी म्हंजे लेकराहून जास्त. अहो, कंदील नेलाव का?

ग्यानबा : कंदिलाबिगर कवा उतरलो का मी? समोर चांगला जळायलाय.

सत्यभामाबाई : मग भ्यायचं कामून? विजे, यांचा थोरला भाऊ, राघोबा, जवारीच्या पेवात, जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यात, तसाच उतरला. आधी कंदील सोडून बघायचा असतो, बघितला न्हाई. मेलेलाच वर काढले त्याला. तवापासून हे कंदिलाबिगर बंद जागेत पाय ठेवत न्हाईत. कंदील इझला की हवा वाईट, जळला की चांगली.

विजयश्री : ते पेवात, आत्याबाई. तिथली हवाच संपलेली असती. कोळशाचं इख येगळं. त्याला वास न्हाई, रंग न्हाई. कंदील जळतच राहतो अन् माणूस झोपी जातो. माझ्या माहेरी बाळंतिणीच्या खोलीत असंच झालतं. थंडी म्हणून शेगडी ठेवले, दार लावले. सकाळी दिवा जळतच होता.

सत्यभामाबाई : अन् बाळंतीण?

विजयश्री : आता नका इचारू. मामा, डोकं जड झालंय का?

ग्यानबा : जरासं... थंडीनं. मळमळायलंय. टेकतो थोडं पोत्याला.

विजयश्री : टेकू नका! उठा! कडी काढा मामा!

ग्यानबा : वरडू नको... ऊब हाय चांगली...

विजयश्री : मामा! ओ मामा! आत्याबाई, बोलंनात. दार बी हलंना. मला लई भ्या वाटायलंय. तुमी हाक मारा.

सत्यभामाबाई : अहो! ऐकायलाव का? अहो, धनराजचे अप्पा!

विजयश्री : तसं नको. नावानं हाक मारा.

सत्यभामाबाई : नाव कसं घेऊ गं? लगीन झाल्यापासून कवा घेतले न्हाई.

विजयश्री : घ्या हो! पाया पडते तुमच्या!

सत्यभामाबाई : ग्यानबा... ए ग्यानबा! ऊठ! ऊठ की रं ग्यानबा! दार काढ!

(आत काहीतरी घसरतं. बऱ्याच वेळानं कडी निघते.)

विजयश्री : काखेत धरा आत्याबाई. चढा मामा, अजून एक पायरी. बसा हितं उघड्यावर. मोठा श्वास घ्या. ह्यांना फोन लावले मी, गाडी घेऊन यायलेत. दवाखान्यात जायाचं.

ग्यानबा : माझं नाव... कोण घेतलं?

सत्यभामाबाई : मी घेतले. झोपलाव तर परत घेईन.

ग्यानबा : बी...

सत्यभामाबाई : जळू दे ते बी!

ग्यानबा : विजे, कंदील इझला का गं?

विजयश्री : न्हाई मामा. अजून जळायलाय.