इक्बालभाईची वाफ

भाभी, अकोल्या-अकोटाहून आलेले सोयरे, दोस्तहो... मी विनायक. इक्बालभाईचा अठरा वर्षांचा भागीदार. इक्बालभाई गेला, त्याच्यासाठी दोन शब्द बोलाले माईकसमोर उभा राहिलो. सांभाळून घ्या.

आमचं काम तुमाले माहीत आहे. इथं अमरावतीत दोन कॉम्प्युटर मांडून टीव्हीच्या जाहिरातीत जे नाही ते दाखवायचं. इक्बालभाई त्यातला उस्ताद. पण त्याचा खरा नाद एकच, विचारायचा. काहून? पाणी असंच काहून सांडते? धूळ आधी कुठं बसते? टपरीवर चहा आला का हा कपाकडं पाहत बसे. चहावर साय धरे, याचं पाहणं चालूच! भाभी आताच म्हणत होत्या, "यांनी घरी गरम चहा कधी पेलाच नाही."

एकदा चहापत्तीची जाहिरात आली. कपावरची वाफ आमी कॉम्प्युटरवर केली. मी खूश. हा म्हणे, "विनूभाऊ, मांगचा परदा डावीकडं हालून राहिला. मंग वाफ सरळ वर काहून जाते?"

मी म्हटलं, "कोण पाह्यते?"

"मी पाह्यतो ना. एक दिवस दे."

मी नाही दिला. जाहिरात पाठवून दिली. टीव्हीवर लागली, कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मी त्याले दहादा ऐकवलं. तो नुसता हसे. पण ती जाहिरात लागली का उठून अंगणात जाये.

परवा त्याचा कॉम्प्युटर उघडला. त्यात तीच जाहिरात. तीन वर्षं तो ती वाफ करून राहिला होता. कितीतरी वेळा केली, मोडली. शेवटच्या खेपेले परदा हालते आन् वाफ त्याच्यासंगं वळते. मी पाहतच राहिलो. चहा गरम वाटला हो मले.

कोणासाठी केलं असंल त्यानं? कोणी मागितलं होतं? जाहिरात तर कधीचीच बंद झाली. काहून केलं? आता हे विचारू कोणाले?

इक्बालभाई, तुयं बरोबर होतं. तू होता तेव्हा हे तोंडातून निघालं नाही. आज चारचौघांत म्हणतो. मी चुकलो.

दोस्तहो, आता चहा येईल. लगेच पिऊ नका. कप हातात घ्या, उभे राहा. एक मिनिट कोणी बोलू नका, नुसती वाफ पाहा. वर पंखा चालू आहे. कुठं वळते, ते पाहा.