नेसूचा ओला काठ

हिचाबी काठ ओला हाय गं, असं काकी चुलीपाशी हळूच म्हणाल्या. मी दाराआड बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालत होते, हात आपोआप साडीच्या काठाकडं गेला. काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, घरात सगळ्यांत मोठ्या. हिचाबी म्हणजे माझा. आधीचा ओला काठ माझ्या सासूबाईंचा, त्यांना आम्ही आत्या म्हणतो.

काय सांगू तुम्हाला, मी बारामतीची, इंग्रजी शाळेतली, वडील कारकून, घरात सगळीच कमी बोलणारी. शरीराचा धडा आम्हाला इंग्रजीत होता, त्यातली ती दोन पानं बाईंनी घरी वाचा म्हणून सोडून दिली, त्यामुळं त्या भागाला इंग्रजीत जो शब्द होता तो मी कधी उच्चारला नव्हता आणि मराठीत जो ऐकला होता ती शिवी होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन इंदापूरकडच्या गावात आले. उसाचं घर, माणसं चांगली, अगदी चांगली, हे मुद्दाम सांगते.

तर आत्या. त्यांना आसरांनी धरलंय, हे मला आठवड्याभरातच कळलं. आसरा म्हणजे विहिरीत राहणाऱ्या, पाण्यातल्या बायका, त्या बाळंतिणीला धरतात म्हणे. माझ्या नवऱ्याच्या वेळी आत्या बाळंत झाल्या, तेव्हापासून जेवता जेवता ताट सोडून उठायच्या, बोलता बोलता मळ्याकडं पळायच्या, आणि बसल्या जागी ओल उमटायची. विहिरीतली येऊन बसून गेली, असं सगळे म्हणायचे. आत्या हसायच्या नाहीत. कुणी गमतीचं बोललं की तोंडाला पदर लावून मांड्या आवळून बसायच्या, आणि बायका म्हणायच्या, तिला हसवू नका गं, ती येती. मला त्या घरात भर दुपारी भीती वाटायची, आत्या उठून गेल्यावर जमिनीवरचा तो ओला गोल वाळेपर्यंत.

मग मला मुलगी झाली, बारामतीत, फार अडले होते, चिमटा लावून काढली. सासरी परत आले तर मीही तशीच. शिंकले की, कळशी उचलली की. कुणाला बोलले नाही. खरं सांगते, मलाही वाटायला लागलं होतं की विहिरीवरून माझ्या मागं कुणीतरी चालत येतं.

काठाचं ते बोलणं झालं आणि काकींनी बाळ माझ्याकडून काढून घेतलं. आसरा आईवरनं लेकराकडं जाती, आवसेला ओटी भरू, तवर पाजायपुरतीच देऊ, तेबी माझ्यासमोर. नवरा म्हणाला, काकींचं मन मोडू नको, थोड्या दिवसांचं तर आहे. आणि आवसेनं उतरलं नाही तर, मी विचारलं. मग माझ्याकडंच ऱ्हाईल पोरगी, काकी म्हणाल्या.

बाळाला लस टोचायला आम्ही बारामतीच्या दवाखान्यात गेलो. काकी बाळाला घेऊन रांगेत, मी टाके दाखवायच्या निमित्तानं आत. डॉक्टरीणबाईंनी पडद्यामागं पाठवलं. तिथं पुण्याहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाई होत्या, एरवी म्हाताऱ्यांच्या खांद्यांना शेक द्यायच्या. त्यांनी सरळ विचारलं, खोकताना लघवी होते का? मी मानेनं हो म्हटलं. एवढंच. त्या म्हणाल्या, एसटी मोरगावच्या पुढं गेलीय, लघवी लागलीय, थांबा लांब आहे, तेव्हा आतून जे आवळून वर ओढून धरतेस ना, तेच स्नायू बाळंतपणात ढिले पडतात. श्वास न कोंडता आवळायचं, धरायचं, सावकाश सोडायचं. खोकण्याआधी, कळशी उचलण्याआधी आवळायचं, मग उचलायचं. रोज, काही महिने. पोरींनाही होतं, बाळंतिणींनाही, पाळी गेलेल्या बायकांनाही, असं त्या हात पुसत म्हणाल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर पदर तोंडाला लावून बसलेल्या आत्या आल्या.

घरी मी भाकऱ्या थापताना आवळायची, मोजताना ओठ हलायचे. काकी म्हणाल्या, बघा, बोलतीया तिच्याशी. एकदा परसात वाळत घातलेली कापडं गोळा करताना माझ्या आत घ्यायच्या घड्या आणि त्यांच्या घड्या एकत्र झाल्या, तशाच, जुन्या लुगड्याच्या, आणि आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता त्या वेगळ्या करत बसलो.

धरलेल्या बाईला कधीही उठून जाता येतं, कुणी का म्हणून विचारत नाही. आत्यांना ती आसरा हवी होती. मी बोलले तर माझ्याबरोबर त्यांचंही झाकण जाणार होतं, म्हणून मी आवसेपर्यंत तोंड उघडलं नाही.

आता आत्या थकल्यात. व्यायाम पुढं त्यांनीही केला, पुष्कळ फरक पडला, सगळा नाही. अजून विहिरीवर खण ठेवतात, म्हणतात, तिनं माझं इतकी वर्षं झाकलं, तिचं भलं होवो. मीही हात जोडते. आणि पाण्याजवळून उठले की माझा हात आजही आधी काठाला जातो.

त्या आवसेला विहिरीवर काकींच्या कडेवर बाळ रडत होतं. उदाचा धूर नाकात गेला, खोकला आला, आवळायचं राहिलं. आली, आली बघा, असं ओरडत काकी बाळाला घेऊन मागं सरकल्या. ओटीचं ताट धरून आत्या समोर उभ्या होत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांनी सावकाश मान हलवली, नको म्हणून की बोल म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही. मी म्हणाले, काकी, कुणी आलेलं नाही. माझी लघवी सुटली. बाळ द्या इकडं.