सातव्या मजल्यावरची चावी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय मुख्याध्यापिकाबाई, ज्यांनी आजवर चौदा वेळा घराची चावी हरवून माझा धंदा चालता ठेवला. व्यासपीठावरचे आपल्या व्यापारी मंडळाचे सचिव, म्हणजे आपले औषधवाले. पहिल्या रांगेत बसलेले माझे चिरंजीव आणि सूनबाई. आणि या बाजारातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आपण माझं फार कौतुक केलंत. शेहेचाळीस वर्षं त्या जिन्याखालच्या दुकानात बसून कुलपं उघडली, चाव्या केल्या, हे खरं आहे. सचिवसाहेब म्हणाले, "भाग्यवान आहात, या वयात मुलगा स्वतःहून घरी घेऊन जातोय." चष्मेवाले म्हणाले, "आता नुसता आराम करा." आणि मंडळानं मला हे पितळी किचेन दिलं. सुंदर आहे, माझं नाव कोरलंय त्यावर. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मीही हसलो. पण खरं सांगू? ते हातात घेतलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का, ते सांगतो. आवाज फार चढला तर बाईंनी समोरची घंटी वाजवावी.

मंडळी, या किचेनला अडकवायला माझ्याकडे एकही चावी नाही.

दुकानाची काल नव्या भाडेकरूला दिली. घराची आज सकाळी घरमालकांच्या हातात ठेवली. आणि नव्या घराची, जिथं मी आता उरलेलं आयुष्य काढणार आहे, ती मला कुणी दिलेलीच नाही!

हसू नका. मागच्या महिन्यात मी ते घर बघायला गेलो होतो. सातवा मजला, माझी वेगळी खोली, खिडकीत खुर्ची. न्हाणीघरात धरायला दांडासुद्धा बसवलाय. सगळं प्रेमानं केलंय, नाही म्हणत नाही. म्हणून तर जास्त चिडचिड होते. वाईट वागले असते तर चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. तर दुसऱ्या दिवशी ही दोघं कामावर गेली आणि मी वर्तमानपत्र आणायला खाली उतरलो. परत येतो तर दार बंद. ओढलं की आपोआप लागणारं कुलूप. मी अकरा ते एक पायरीवर बसून.

आता तुम्ही म्हणाल, कुलूपवाला आणि दाराबाहेर? अहो, अर्ध्या मिनिटाचं काम होतं ते. तार खिशात होती. पण माझा नियम या बाजारात कुणाला माहीत नाही? मालक समोर नसताना दुसऱ्याच्या दाराला हात लावायचा नाही. मालकानं सांगितल्याशिवाय चावीला कानस लावायची नाही. कितीजण साबणावर छाप घेऊन आले, दुप्पट देतो म्हणाले, सगळ्यांना हाकललं. तर मी पायरीवर बसून एकच विचार करत होतो. हे घर माझं आहे की दुसऱ्याचं? माझं असेल तर तार घालायला हरकत नाही. दुसऱ्याचं असेल तर हात लावायचा नाही. दोन तास, मंडळी! दोन तासांत मला उत्तर देता आलं नाही. शेवटी कामाच्या बाई आल्या, पर्समधून चावी काढली आणि म्हणाल्या, "अगोबाई, पाहुणे बाहेरच?"

पाहुणे!

संध्याकाळी मी चावी मागितली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हाला कशाला? घरात कुणी ना कुणी असतंच." असतं ना? मग कामाच्या बाईंकडे कशाला चावी? समोरच्या बिऱ्हाडाकडे कशाला? ते तर नुसते कुंड्यांना पाणी घालायला येतात! कुंड्यांची सोय आहे, बापाची नाही. मग खोदून विचारल्यावर खरं कारण बाहेर आलं. "तुम्ही एकटे कुठंतरी जाल, पुन्हा पडाल." दोन वर्षांपूर्वी जिन्यात घसरलो, मान्य. पण तेव्हा माझा पाय मोडला होता, अक्कल नाही.

बाई, घंटीवरचा हात काढलात, आभारी आहे. आता संपवतो.

ही बघा, कोरी चावी. त्या कुलपाची जात मी पायरीवर बसल्या बसल्या ओळखून ठेवली होती. मशीन नव्या भाडेकरूला दिलं, पण कानस खिशात आहे. माझं सामान भरलेला ट्रक बाहेर उभा आहे. सामानासारखंच न्यायचं असेल तर मी येणार नाही. ट्रक रिकामा करा, मी घरमालकांना हात जोडून माझी जुनी चावी परत मागतो. आणि घरातला माणूस म्हणून न्यायचं असेल, तर चिरंजीव, सगळ्यांसमोर सांगा. मालक तुम्ही आहात. सांगितल्याशिवाय मी कानस लावत नाही.

...

काय? अरे, मोठ्यानं बोल, मागच्या रांगेला ऐकू जात नाही.

...

ऐकलंत? म्हणतो, "बाबा, आपल्या घराची एक चावी करा." आणि हा जुडगा कशाला पुढं करतोस? तुझी तुझ्याकडेच राहू दे, नाहीतर उद्या तूच पायरीवर बसशील. मला नमुन्यापुरती दे. आणि डोळे पूस आधी, सूनबाई बघतायत.

तर मंडळी, मंडळाचे आभार, बाईंचे आभार, आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत त्याबद्दल सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. चावीबद्दल जे बोललो, त्याची मात्र माफी मागत नाही. तुम्ही चहा सुरू करा, मला दहा मिनिटं लागतील. आणि ते फुलांचं तबक कुणीतरी जरा बाजूला घ्या, मला टेबल हवंय.