वीणेचा पहारा

मंडळी, एक सांगा — माणूस सुधारला, हे ठरवायचं कुणी? कोर्टानं? डॉक्टरनं? की तुम्ही-आम्ही?

ऐका! केरबा नावाचा एक गडी. गळा काय गोड! सप्ताहात वीणा घेऊन उभा राहिला की म्हाताऱ्या माळ ओढायचं विसरायच्या! पण दारू लागली. अन् एक दिवस पिऊन ट्रॅक्टर काढला — घातला शेजारच्या भानुदासच्या पायावर! पाय कायमचा अधू. केरबा तीन वर्षं तुरुंगात.

सुटल्यावर एका संस्थेनं त्याची दारू सोडवली, पिठाच्या गिरणीत कामाला लावलं. दोन वर्षांनी संस्थेच्या ताई आल्या कागद घेऊन — आपली मेहनत लागू पडली का, ते तपासायला.

"परत प्यालात?" "नाही." "कामाला दांडी?" "नाही." "पोलिसांत तक्रार?" "नाही, ताई."

झाला पास! आपल्यातले किती होतील हो? हसू नका, मागचे!

ताईंनी सहज विचारलं, "आणखी काही हवंय?"

गडी रडायलाच लागला! "ताई, सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. दोन-दोन तास एकेकाचा पहारा असतो. मला कुणी देत नाही. बाहेर बसून ऐकतो... फार जीव तुटतो हो. एकच पहारा द्या म्हणावं!"

हा रकाना कुठला कागदात! ताई गावकऱ्यांकडे गेल्या. ते काय म्हणाले? "आमची ना नाही हो. पण भानुदासला काय वाटेल?" अरे, त्याला विचारलंत का? कुणीच नाही! सगळे त्याच्या आड लपलेले!

ताईंनी विचारलं. भानुदास उठला अन् लंगडत घरात निघून गेला.

सप्ताहाचा पाचवा दिवस, भर दुपार. भानुदासचा पहारा संपला. तो लंगडत मंडपाबाहेर आला, चपलांपाशी बसलेल्या केरबाला उठवलं अन् वीणा त्याच्या गळ्यात घातली! आता, वीणा देता-घेताना आपण काय करतो? एकमेकांच्या पाया पडतो! केरबा ओरडला, "नको भानूदादा! तुझा पाय —"

"रीत आहे," भानुदास म्हणाला. अन् तोच पाय कसाबसा मुडपून वाकला!

केरबाच्या तोंडून देवाचं नावसुद्धा फुटेना. नुसता वीणा कवटाळून रडत उभा.

मंडळी, आपल्याही मंडपाबाहेर एक जण उभा आहे. तुमची पाठ तिकडे, म्हणून तुम्हाला दिसत नाही. मला मघापासून दिसतोय. मी थांबतो. उठा कुणीतरी — त्याला आत घेऊन या!