अनावश्यक संभाषणाची अठ्ठावीस मिनिटं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे विश्वस्त माननीय देवेशभाई, वैद्यकीय अधीक्षक डॉक्टर गंधाली मॅडम, मनुष्यबळ विभागाचे व्यवस्थापक श्री. राजेश सर, व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्यामुळे पहिल्या रांगेत बसलेले मान्यवर, आणि सामोसे आधी की भाषण आधी या विवंचनेत असलेले माझे सर्व सहकारी, आपणा सगळ्यांना चंद्रप्रकाश परबचा नमस्कार.

माझ्याबद्दल आत्ता तिघं जण बोलले. राजेश सर म्हणाले, परब म्हणजे शिस्तीचा पुतळा. सर, मी आभारी आहे. पुतळ्याची सोय अशी असते की त्याला तोंड असतं पण तो बोलत नाही. आज तुम्ही पुतळ्याच्या हातात माईक दिलात. ही तुमच्या कारकिर्दीतली पहिली बेशिस्त असावी.

एकतीस वर्षं मी दुसऱ्या मजल्यावरच्या स्ट्रेस टेस्टच्या खोलीत काढली. नवीन मंडळींसाठी सांगतो, कारण अकाउंट्सवाल्यांना आजही वाटतं की वर जिम आहे. माणसाच्या छातीला दहा तारा चिकटवायच्या, त्याला हलत्या पट्ट्यावर चालवायचं, दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवायचा, आणि त्याचं हृदय काय सांगतंय ते पाहायचं. एवढंच काम. माझे वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे. मी मशिनीवर लागलो म्हणून आईला भारी कौतुक. ती गावच्या बायकांना सांगायची, "माजो झील लोकांका धावडवता आणि पगार घेता." माझ्या कामाचं यापेक्षा नेमकं वर्णन आजच्या मानपत्रातही नाही.

आता आपल्या विभागाची शिस्त ऐका. पेशंटला तारीख देताना जी चिठ्ठी मिळते, तिच्यावर छापलंय, 'बूट घालून यावे.' आणि खोलीच्या दाराबाहेर पाटी आहे, 'पादत्राणे बाहेर काढावीत.' आपली माणसं किती आज्ञाधारक, सांगू? कुणी पुतण्याचे बूट मागून आणायचा, कुणी खास नवे घ्यायचा, दारात आला की पाटी वाचून काढून ठेवायचा आणि आत येऊन अनवाणी पळायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. एकानेही विचारलं नाही आणि आम्ही एकालाही सांगितलं नाही. पाटी काढावी की चिठ्ठी बदलावी यावर तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत चहा चांगला होता.

पुरुषांच्या छातीवरचे केस काढावे लागतात, नाहीतर तारा चिकटत नाहीत. हे आधी सांगायला किती वेळ लागतो? दहा सेकंद. आम्ही तेही वाचवायचो. सरळ वस्तरा काढायचो. एक निवृत्त मुख्याध्यापक गाऊनमध्येच लिफ्टपर्यंत पोचले होते, कारण त्यांना वाटलं, इथेच कापतायत. आणि गाऊन म्हणजे तरी काय, पुढून उघडा आणि तीन नाड्यांपैकी एक शिल्लक. त्या एका नाडीवर आपण बोरीवलीतल्या किती आयाबहिणींची लाज सांभाळायला दिली, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. दार उघडंच असायचं. वॉर्डबॉय यायचा, मशीन कंपनीचा माणूस यायचा, कुणी पेन मागायला यायचा. सगळ्यांना यायची मोकळीक होती. लाजायची मोकळीक फक्त पेशंटला नव्हती, कारण त्यात वेळ जातो.

मी मात्र वेळ अजिबात घालवायचो नाही. एका माणसाची तयारी चार मिनिटांत. हा विक्रम माझ्या नावावर आहे आणि मघाशी मॅडमनी त्याचा उल्लेखही केला.

त्याच विक्रमाच्या वर्षातली एक गोष्ट सांगतो. या माणसाचं खरं नाव मी घेणार नाही. बाळा म्हणू. खासगी बस चालवायचा. कंपनीने फिटनेसचा दाखला मागितला होता, तो मिळाला नसता तर स्टिअरिंग गेलं असतं. मी त्याला झोपवलं, तारा लावल्या आणि माझा ठरलेला प्रश्न विचारला, "कुठे दुखत-बिखत नाही ना?" आता बघा, मी प्रश्न विचारतोय की उत्तर सांगतोय? तो म्हणाला, "नाही साहेब." संमतीपत्र इंग्रजीत होतं, त्याने मराठीत सही केली. पट्ट्यावर चढला. पहिल्या टप्प्यात मी विचारलं, ठीक? त्याने अंगठा दाखवला. दुसऱ्या टप्प्यात विचारलं, ठीक? घाम फुटला होता, तरी अंगठा दाखवला. तिसऱ्या टप्प्यात तो पडला. डॉक्टर धावत आले, सगळे प्रयत्न झाले. तो गेला.

बाहेर त्याची बायको डबा घेऊन बसली होती. आम्ही म्हटलं होतं रिकाम्या पोटी या, म्हणून तो आदल्या दुपारपासून जेवला नव्हता. किती तास रिकामं, ते आम्ही सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, "दुखायचं त्यांना. पण म्हणाले, बोललो तर नापास करतील."

चौकशी झाली. सही होती, वेळ नोंदवलेली होती, सगळं नियमात होतं. आणि त्या डिसेंबरात मला उत्कृष्ट कर्मचारी म्हणून फ्रेम मिळाली. मित्रहो, ती फ्रेम मी घरी लावलेली नाही. बायकोने दोनदा विचारलं, मी म्हटलं, खिळा नाही. आज सांगतो, मला लाज वाटायची. दुखणं सांगितलं तर नापास होत नाही, एवढं एक वाक्य मी त्या माणसाला बोललो नाही. ते बोलायला पाचवं मिनिट लागलं असतं.

असो. आपण आनंदाच्या प्रसंगी जमलो आहोत.

दीड वर्षापूर्वी आमच्या विभागात टेक्निशियन म्हणून संघमित्रा आली. अंबादास गायकवाड यांची मुलगी, राहणार घाटकोपर. ती मागे दाराजवळ उभी आहे. बस गं, खुर्ची रिकामी आहे. तिने पहिल्या आठवड्यात काय केलं असेल? मार्कर घेतला आणि त्या पाटीखाली लिहिलं, 'स्ट्रेस टेस्टचे पेशंट सोडून.' तीन बैठकांना जे सुचलं नाही ते चार शब्दांत झालं. त्याबद्दल तिला रुग्णालयाच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण केल्याची तोंडी समज मिळाली. मग तिने जेवणाच्या सुट्टीत गाऊनना नाड्या शिवल्या. खरेदी विभागाने नाड्यांचा प्रस्ताव विचारात घेतलेला आहे, आणि ते घाईने विचार करत नाहीत हे आपण जाणतोच. मग तिने दाराला आतून कडी लावायला सुरुवात केली. वॉर्डबॉय माझ्याकडे आला, "परब सर, ही पोरगी मला आत घेत नाय." मी विचारलं, तुझं आत काय काम असतं? तो विचारात पडला. मीही पडलो.

आता मुद्द्यावर येतो. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी शकुबाई आल्या. मनोरीच्या, सुकी मासळी विकतात. मी त्यांचं नाव त्यांना विचारून घेतोय. काल फोन केला तर म्हणाल्या, "घे नाव, पण चांगलं घे." पहिल्या बोटीने मार्व्याला आल्या, तिथून बस, मग रिक्षा. काष्टा नेसलेला, तेव्हा पळायची काही अडचण नव्हती. अडचण ब्लाउज काढायची होती. त्या खुर्चीत पदर घट्ट धरून बसल्या.

संघमित्राने कडी लावली, स्टूल ओढलं आणि समोर बसली. पुढचं मी दाराबाहेर उभा राहून ऐकलंय, म्हणून सांगू शकतो.

"मावशी, मी काय काय करणार ते आधी सांगते. नको वाटलं तर नाही म्हणा."

"सांगून काय करशील बाय. करायचं ते करशीलच."

"नाही करणार. तुम्ही हो म्हणेपर्यंत हात नाही लावणार."

मग तिने गाऊन दाखवला, नाड्या दाखवल्या. छातीला काय चिकटवणार, कुठे चिकटवणार, वरून कसं झाकणार, खोलीत कोण असणार, डॉक्टर आत येण्याआधी टकटक करणार, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "चालताना छातीत, हातात, जबड्यात, कुठेही दुखलं, दम लागला, गरगरलं, तर लगेच सांगायचं. मी मशीन थांबवणार. तुम्ही सांगितलं म्हणून तुमची तारीख जाणार नाही."

मग शकुबाईंचा आवाज आला.

"तारीख नाय जात?"

"नाही जात."

"मग आत्ताच दुखतंय बाय."

पहाटेपासून दुखत होतं. बोटीत बसल्या जागी दुखत होतं. धक्का चढताना त्या तीनदा बसल्या होत्या. मुलाने बजावलं होतं, आत गेल्यावर जास्त बोलू नको, बोललं की पुढची तारीख देतात. हे त्या मुलाला कुणी शिकवलं? आपणच ना? आपल्याच काउंटरवर शिकला तो. संघमित्राने डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी टेस्ट रद्द करून शकुबाईंना थेट अतिदक्षता विभागात नेलं. दोन शिरा जवळजवळ बंद होत्या. आज त्या घरी आहेत आणि मला फोनवर दम देण्याइतक्या बऱ्या आहेत.

या सगळ्याला अठ्ठावीस मिनिटं लागली. त्याच वेळी बाहेर एक गृहस्थ बसले होते, संपूर्ण आरोग्य तपासणीच्या पॅकेजवर आलेले, माननीय देवेशभाईंच्या परिचयाचे. त्यांना कॉफी मिळाली, पेपर मिळाला, एसी मिळाला. फक्त पहिला नंबर मिळाला नाही. त्यांनी तक्रार केली आणि त्याच दुपारी मेमो निघाला. मी शब्दशः वाचतो. 'रुग्णाशी अनावश्यक संभाषण करून विभागाची अठ्ठावीस मिनिटे वाया घालवल्याबद्दल.' किती सुंदर मराठी आहे. राजेश सर, तुमची भाषा मला नेहमीच आवडते.

शकुबाईंचे रिपोर्ट संध्याकाळी आले, मेमो दुपारी निघाला होता. मग तो मागे का घेतला नाही, असं मी विचारलं. उत्तर मिळालं की मेमो द्यायचा फॉर्म आहे, मागे घ्यायचा नाही. आता सोमवारी संघमित्राच्या प्रोबेशनचा निर्णय आहे, आणि फाइलमध्ये मेमो असलेल्या माणसाला आपण कायम करत नाही. म्हणजे सोमवारनंतर त्या खोलीत स्टूल ओढून समोर बसणारं कुणी नसेल. चार मिनिटांत तयारी करणारा कुणीतरी मिळेल. अशी माणसं भरपूर मिळतात, मी स्वतः एकतीस वर्षं मिळत होतो.

देवेशभाई, आपण माझ्याकडे रोखून बघताय. आपल्याला वाटत असेल, परब जाता जाता सगळ्यांची उणीदुणी काढून चाललाय. तसं नाही. अजून एकाचं काढायचं राहिलंय.

त्या मेमोवर मनुष्यबळ विभागाची सही चालत नाही. विभागप्रमुखाची लागते. ती सही माझी आहे.

हो, माझीच. शकुबाई आत सांगत होत्या तेव्हा बाहेरून दारावर दोनदा टकटक करून "आटप ना गं" म्हणणाराही मीच. दुपारी राजेश सर कागद घेऊन आले. माझ्या निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते. मनात म्हटलं, कशाला वाईटपणा घ्यायचा, सुखाने निरोप घेऊ, चार लोक चांगलं बोलतील. बाळाचं सगळं आठवत असताना मी सही केली. मला आजची ही शाल हवी होती. एवढंच कारण आहे, याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

तेव्हा आज दुपारी तीन वाजता मी एक कामाचं पत्र दिलंय. त्यात लिहिलंय की विभागप्रमुख या नात्याने मी माझी सही मागे घेतो. ते संभाषण आवश्यक होतं, आणि ते प्रत्येक पेशंटशी व्हावं असा माझा लेखी आदेश आहे. फॉर्म नव्हता म्हणून साध्या कागदावर लिहिलं. आवक-जावकच्या शुभाने शिक्का मारून नंबर दिलाय, त्यामुळे ते हरवणार नाही. एक प्रत डॉक्टर गंधाली मॅडमच्या टेबलावर आहे, तिच्यासोबत त्या दिवसाचे वेळेसकट कागद जोडलेत. मी संध्याकाळी साडेपाचपर्यंत विभागप्रमुख आहे. आत्ता पाच वाजलेत. मॅडम, सोमवारच्या बैठकीत तुम्ही असाल, मी नसेन. कागद वाचून मग ठरवा, इतकंच मागणं आहे.

आता आभार. अध्यक्षांचे आभार, कारण त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. राजेश सरांचे, त्यांनी कार्यक्रम पत्रिकेत माझ्या भाषणाला पाच मिनिटं लिहिली होती आणि मी किती घेतली ते मोजलं नाही, किंवा मोजलं असेल तर सोमवारी कळवतील. ज्यांनी हार आणले, खुर्च्या लावल्या, त्या सगळ्यांचे आभार. आणि पेशंटचे, ज्यांनी एकतीस वर्षं मला काही विचारलं नाही.

शेवटी बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं, अशी विनंती करायची पद्धत आहे. पण सभागृहाचं मी काही बिघडवलेलं नाही. संघमित्रा, क्षमा मी तुझ्याकडे मागतो. नसेल करायची तर करू नकोस, पत्र तरीही राहील.