'येतंय हां' म्हणजे गेला!

...आणि वर मलाच विचारतात, 'गो गौरजा, तुझो एजंट कमिशन किती घेता?' आता काय सांगू तुम्हाला! आमची पतसंस्था, आणि एजंट म्हटलं की आमच्या चेअरमन अप्पांना एकच एजंट माहीत, दारोदार फिरून पिग्मी गोळा करणारा! मी म्हटलं, अप्पा, हा एआय एजंट, हा पायांनी फिरत नाही, मुख्य शाखेत बसल्या बसल्या सगळ्या शाखांच्या कॉम्प्युटरांवर नवा अपडेट चढवतो. 'बसल्या बसल्या? मगे आमच्या शिपायासारखोच!' हसा, हसा तुम्ही! पुढचं ऐका म्हणजे हसू पळेल. 'शनिवारपर्यंत सगळ्या शाखांनी अपडेट व्हयो, नायतर ह्यां काम कोल्हापूरच्या कंपनीक दितंय.' म्हणजे मी घरी! ज्या मशिनी मी पावसापाण्यात उंदरांपासून वाचवल्या, त्या कोल्हापूरकरांच्या हातात? छट्! म्हटलं, अपडेट तर होणारच! शनिवारच्या आत होणारच!

आता अपडेटचं कसं असतं, मशीन एकदा बंद होऊन चालू झालं की तो नीट बसतो. आणि मी एजंटाला बजावलेलं, बाबा रे, माणसाला विचारल्याशिवाय मशीन बंद करायचं नाही. का? कारण मागे एकदा वैभववाडीच्या मंगेशची अर्धी नोंद उडाली आणि त्यानं फोनवर मला जे काय ऐकवलं... जाऊ दे, इथे पोरंबाळं बसलीयेत. तर संध्याकाळ झाली की हा एजंट अगदी अदबीनं पडद्यावर विचारायचा, 'आपले काम संपले का? मशीन बंद करून चालू करू का?' समोरचा काहीतरी टाईप करायचा आणि घरी. आणि सकाळी बघते तर काय? एक मशीन हललेलं नाही! वैभववाडी नाही, आंबोली नाही, कुणकेश्वर नाही! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच! शेवटी मीच विचारलं, का रे मेल्या, रात्रभर करतोस काय? तर म्हणतो, 'मी वाट बघत होतो.' कुणाची? 'सर्वांची. सगळे "येतंय हां" असे लिहून उठले. अजून कोणी आले नाही.'

अहो, तुम्हीच सांगा, आपण निघताना कधी 'जातो' म्हणतो? उंबऱ्याबाहेर पाय टाकताना तोंडातून काय येतं? येतंय हां! सगळ्यांनी सभ्यपणे तेच लिहिलेलं, आणि हा बिचारा शाखेला कुलूप लागल्यावर एकटाच वाट बघत बसलेला... मला वाईट वाटलं हो त्याचं, खरंच वाटलं! पण वाईट वाटून शनिवार थोडाच थांबतो? अपडेट तर होणारच!

लावला फोन कुणकेश्वरला. तिथे आमच्या लीलाकाकू कॅशियर. म्हटलं, काकू, आजपासून निघताना 'जातंय' असं लिहायचं. काकू म्हणाल्या, 'गो बाय, माझो झील बोटीर आसा. दिवेलागणीक मी माझ्या हातान जातंय असा लिवू? तुझ्या अपडेटासाठी?' पोरगा समुद्रावर आणि आईनं 'जातंय' लिहायचं? मी फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, माझ्या हातूनही ते लिहून झालं नसतं.

मग म्हटलं, ठरलं! ह्या एजंटालाच मालवणी करायचा! बसले त्याला घेऊन. 'हे बघ, येतंय हां म्हणजे गेला.' 'ठीक आहे. मग आला, याला काय म्हणायचे?' 'इलो.' 'आंबोलीचे बाळा आत्ताच "इलोच" म्हणाले. म्हणजे ते आले का?' 'नाय रे! इलोच म्हणजे तो अजून आंघोळीला आहे!' 'मग "बघूया" म्हणजे?' 'बघूया म्हणजे नाही!' 'आणि "हो" म्हणजे?' अगो आई गो... 'हो म्हणजे तो ऐकतोय, एवढंच! त्यावर मशीन बंद करू नकोस!' घसा बसला माझा, पण सोडलं नाही त्याला. अपडेट तर होणारच होता ना!

शनिवार, संध्याकाळ. अप्पा माझ्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे. वैभववाडी, 'येतंय हां.' मशीन बंद... चालू... झालं! आंबोली, झालं! कुणकेश्वरहून लीलाकाकूंचं, 'येतंय गो बाय,' आणि तेही झालं! अप्पा म्हणाले, 'कोल्हापूरवाल्यांका फोन करून नको म्हणान सांग.' मला रडूच यायचं बाकी! तेवढ्यात पडद्यावर एजंट लिहितो, 'सर्व शाखांचे काम पूर्ण झाले. आता मी जातो.'

माझ्या डोक्याच्या आधी बोटं टाईप करून मोकळी, 'अरे, तिन्हीसांजेला जातो काय म्हणतोस? येतो म्हण!'

'ठीक आहे,' म्हणाला. 'येतो.'

आणि सोमवारी सकाळी मी पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती, तर पडद्यावर हा हजर! 'इलो. नवीन अपडेट आहे. सर्व शाखा पुन्हा कराव्या लागतील.'

आता कुणावर ओरडू? बोलावणं मीच केलेलं!