हातचा न येणारा गुणाकार

बाबा : …म्हणून म्हणतो, त्या संख्येला भाग जातो का, ते आता फोनवर बघूनच टाक. उद्या हृदयाची शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी काही लपवलेलं नाही. मला हे कळून जायचंय.

मुलगी : जायचंय म्हणजे ऑपरेशनला. नीट बोला.

बाबा : बरं, ऑपरेशनला. घे. एक, दोन, तीन, सात, एक, सात, एक, सात, तीन, दोन, एक.

मुलगी : उलट्या बाजूनं वाचली तरी तीच.

बाबा : म्हणून तर जीव जडला. अशा संख्येतल्या अंकांची संख्या सम असली की अकरानं भाग जातोच, शोधायला काही उरत नाही. हिच्यात अकरा अंक, म्हणजे विषम. ही मूळ संख्या असणार, असं मनानं घेतलं. तुझी आई गेली त्या वर्षी हातात धरली. एकेका मूळ संख्येनं भागत दहा हजारांच्या पुढे आलो, आणि डोळ्यांनी दगा दिला.

मुलगी : यंत्राला विचारायचं नाही, हा हट्ट तुमचाच. दार लावून बसायचात. मी ताट वाढून बाहेर वाट बघायचे. आई माझीही गेली होती, बाबा.

बाबा : माहीत आहे.

मुलगी : तेव्हा नव्हतं.

बाबा : तेव्हाही होतं. तुझ्यासमोर बसलो असतो तर बांध फुटला असता. भागाकार करताना मान खाली घालता येते.

(ती फोनवर आकडे टाकते. मग पुन्हा पहिल्यापासून टाकते.)

बाबा : गेला ना भाग?

मुलगी : नाही सांगितलं तर चालेल?

बाबा : आयुष्यभर गणित शिकवलं मी. कितीनं गेला?

मुलगी : दहा हजार तीनशे एकनं.

बाबा : म्हणजे उंबरठ्यापाशीच थांबलो होतो.

मुलगी : वाईट वाटलं?

बाबा : वाटलं. इतकी वर्षं तिला अभंग समजत होतो. दुसरा अवयव कोणता?

मुलगी : बारा लाख एक हजार एकवीस.

बाबा : एक, दोन, शून्य, एक, शून्य, दोन, एक… अगं, हीसुद्धा दोन्हीकडून सारखीच. आणि ती पहिलीही.

मुलगी : दोन्ही पुढे फुटत नाहीत म्हणतोय फोन. मूळ संख्या आहेत.

बाबा : मग गुणताना कुठेच हातचा येत नसणार. हातचा आला की बहुतेक वेळा रूप मोडतं. हिचं मोडलं नाही. करून बघायला हवं होतं, पण मला आता दिसतंय कुठे?

मुलगी : मला दिसतंय. सरका जरा, कॉटवर बसते. कागद आहे पर्समध्ये. तुम्ही सांगा, मी मांडते.

बाबा : मोठी संख्या वर घे. खाली दहा हजार तीनशे एक. आधी एकानं गुण.

मुलगी : गुणलं.

बाबा : दमली असशील तू. सकाळपासून इथेच आहेस.

मुलगी : पुढचा अंक सांगा, बाबा.